‘पोट्ट्यांचा टाइमपास’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली, म्हणून उत्तर जरा मोठं देतो. तुमचं म्हणणं असं की एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) अन् वेब अॅप (इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच चालणारे) ट्राय करत बसणं म्हणजे शिकणाऱ्या पोट्ट्यांचा टाइमपास, फुकटची वस्तू डेटा चोरणारच, अन् आपल्या दारव्ह्याकडच्या खेड्यात लॅपटॉप आहे तरी किती जणांजवळ.

डेटाची भीती खरी आहे, मी तर तिचं अजून मोठं उदाहरण देतो. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेंशन होतं, पडून असलेले टॅब झोपवून ठेवायचं, कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवाल्यांना तर मोठाच आधार, वीस लाखांच्या आसपास लोक वापरत होते. 2020 मध्ये बनवणाऱ्यानं ते विकलं, नवा मालक कोण ते लोकांना कळलंच नाही, अन् फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून ते काढून टाकलं. अपडेट आपोआप येते, त्यामुळं मालक बदलला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही.

पण म्हणून हातच लावू नका, हे मला बिलकुल पटत नाही. पेरणीच्या आधी आपण बियाण्याच्या थैलीवरची मुदत अन् लॉट नंबर पाहतोच ना, तसं इन्स्टॉल करताना जी परवानगीची खिडकी येते ती पोट्ट्यांनी वाचली पाहिजे. साधं कॅल्क्युलेटर आहे अन् सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची, बदलायची परवानगी मागते, तर काहून? हा प्रश्न ज्याला पडला तो शिकला, अन् तो वापरून पाहिल्याशिवाय पडत नाही. ट्राय करायला क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल काढायचं, त्यात बँक नाही, मेल नाही. टाकलेल्या एक्स्टेंशनला ‘क्लिक केल्यावरच’ साइट दिसेल अशी सेटिंग पण करता येते.

अन् टाइमपास म्हणाल तर स्क्वूश पाहा, फोटोची साइज कमी करायचं वेब अॅप. स्कॉलरशिपच्या फॉर्मला फोटो इतक्या केबीच्या आत पाहिजे म्हणतात, अन् पोरं त्या एका फोटोसाठी तालुक्याला जाऊन दुकानात पैसे देतात. स्क्वूश मोबाइलच्या ब्राउझरमध्येच उघडते, फोटो टाकला की क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवत जायची, खाली साइज कमी होताना दिसते, चेहरा फाटायला लागला की थांबायचं. एकदा पेज लोड झालं की नेट बंद करून पाहा, तरी चालते, कारण सगळं काम आपल्याच फोनमध्ये होते, फोटो कोणाच्या सर्व्हरवर जात नाही. डेटा चोरीची शंका असली तर तपासायची रीत हीच, अन् ही मी पोट्ट्यांना मुद्दाम करायला लावतो. फोटो एडिट करायचं फोटोपी पण तसंच, फाइल आपल्याजवळच राहते.

लॅपटॉपचं म्हणाल तर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाही हे खरं, पण फायरफॉक्समध्ये चालते, डिसेंबर 2023 पासून तर शेकडो एक्स्टेंशन खुले झाले. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं की बहुतेक जाहिराती डाउनलोडच होत नाहीत, रोजचा डेटा पॅक संध्याकाळपर्यंत पुरते, अन् आमच्याकडं टॉवर कमजोर असला तरी पेज लवकर उघडते.

फक्त नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं असलं तर आधी तिथं कोणकोणते एक्स्टेंशन टाकून आहेत ते पाहा, अन् गेस्ट विंडोच उघडा, तिच्यात ते चालत नाहीत.