‘डॉक्टर हू’ भारतीयाने निर्माण केली नाही, आणि ती दशावतारावरूनही आलेली नाही

परवा रात्री भाचीने वही आणून दाखवली. सातवीत आहे, २३ नोव्हेंबरच्या परिपाठात दिनविशेष वाचायची पाळी तिची, आणि तिने छान सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं की आजच्या दिवशी १९६३ साली एका भारतीयाने निर्माण केलेली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानमालिका सुरू झाली. कुठून मिळालं गं हे? तर म्हणे आजोबांनी पाठवलं. म्हणजे माझ्याच बाबांनी. हा फॉरवर्ड मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय, दरवेळी मी सोडून दिला, पण पोरगी माईकवरून अख्ख्या शाळेला हे ऐकवणार म्हटल्यावर मला राहवेना.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, फॉरवर्डमध्ये काय आहे: ही ब्रिटिश मालिका (निळ्या पोलीस बॉक्समधून काळात इकडेतिकडे फिरणारा डॉक्टर, ती) लखनौच्या वारिस हुसैन यांनी निर्माण केली, डॉक्टर मरताना नवं रूप घेतो ही कल्पना त्यांनी दशावतारावरून उचलली, केनेडींची हत्या झाल्यामुळे पहिला भाग रद्द झाला, दिग्दर्शक भारतीय म्हणून बीबीसीने द्वेषापोटी जुन्या टेप जाळून टाकल्या, आणि तरीही मालिका ६० वर्षं अखंड चालू आहे. शेवटी तिरंगा आणि ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’.

आधी यातलं खरं आहे ते मान्य करतो, करावंच लागेल. वारिस हुसैन १९३८ साली लखनौला जन्मले, लहानपणी इंग्लंडला गेले, आई अतिया हुसैन स्वतः मोठ्या लेखिका, आणि ‘डॉक्टर हू’चा अगदी पहिला भाग यांनीच दिग्दर्शित केला तेव्हा वय फक्त २४. अभिमान वाटायला एवढं पुरेसं नाहीये का? मग निर्माता, कल्पना, सगळं त्यांच्याच नावावर चढवायची गरज काय?

कारण ती कल्पना कुणाची हे लपलेलं नाहीये. बीबीसीने स्वतःच्या अर्काइव्हमधले १९६२-६३चे अंतर्गत कागद लोकांसाठी खुले केलेत. त्यात मालिकेचा आराखडा टाइप केलेला आहे आणि त्यावर नाटक विभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांचे हाताने लिहिलेले शेरे आहेत. डॉक्टरचा गुप्त हेतू भविष्यकाळच नष्ट करण्याचा आहे असं एका ठिकाणी सुचवलंय, तिथे न्यूमननी सरळ ‘वेडेपणा’ अशा अर्थाचा शेरा मारलाय. आराखडा न्यूमन, डोनाल्ड विल्सन आणि सी. ई. वेबर या तिघांत मिळून घडला, तेव्हा हुसैन चित्रात कुठेच नव्हते, ते नंतर आले. आणि निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७, त्या काळी बीबीसीच्या नाटक विभागात एकटी बाई निर्माती. ‘एका भारतीयाने निर्माण केली’ म्हणताना आपण या बाईचं नाव पुसतोय हे तरी लक्षात घ्या. सप्टेंबरमध्ये पहिला भाग रेकॉर्ड झाला, त्यात टार्डिसचे (म्हणजे त्या निळ्या बॉक्सचे) दरवाजे नीट बंदच होत नव्हते, न्यूमनना तो आवडला नाही आणि त्यांनी लॅम्बर्ट आणि हुसैन या दोघांना पुन्हा करायला लावला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा शूट केलेला भाग जगाने पाहिला.

आता दशावतार. हे वाचून माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं, कारण मी कुडाळकडचा, जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार बघत वाढलोय. अवतार म्हणजे देव ठरवून, काहीतरी कार्य घेऊन खाली येतो. डॉक्टरचं रूप बदलतं कारण तो मरायला टेकलेला असतो. दोन्हींत साम्य काय, तर चेहरा वेगळा होतो, बस्स. आणि १९६३ मध्ये तर असं काही कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल आजारी पडत चालले होते, संवाद लक्षात राहीनात, आणि मालिका तर चालू ठेवायची होती, म्हणून १९६६ मध्ये ठरलं की डॉक्टरचं शरीरच बदलू द्या आणि पॅट्रिक ट्रॉटनना आणा. हुसैन तोवर मालिकेतून केव्हाच बाहेर पडले होते. या बदलाबद्दलचा त्या वर्षीचा बीबीसीचा मेमो पण उपलब्ध आहे, आणि त्यात तुलना कशाशी केलीये माहितीये? एलएसडी हे नशेचं द्रव्य घेतल्यावर येणाऱ्या भयानक अनुभवाशी! मत्स्य नाही, कूर्म नाही, एलएसडी. या रूपबदलाला म्हणतात तो ‘रीजनरेशन’ हा शब्दसुद्धा मालिकेत १९७४ मध्ये आला, आणि १९७६ मध्ये मर्यादा घातली गेली ती बारा वेळा बदलायची, म्हणजे तेरा आयुष्यं. दहाचा आकडासुद्धा जुळत नाही हो. पाठवणाऱ्याने ना मालिका पाहिली ना दशावतार.

केनेडींचं अर्धवट खरं आहे. हत्या २२ नोव्हेंबरला झाली, पहिला भाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला, रद्द वगैरे काही झाला नाही, ठरल्या वेळेपेक्षा जेमतेम ८० सेकंद उशीर झाला. लोकांचं लक्ष अर्थातच बातम्यांकडे होतं, शिवाय काही भागांत वीज गेली होती, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवला.

टेप जाळल्याचा मुद्दा मात्र असा सोडून देता येत नाही, कारण यात एका संस्थेवर वंशद्वेषाचा आरोप आहे आणि मुलं तो खरा मानून मोठी होणार. भाग नष्ट झालेत हे खरंय, ९०च्या वर भाग आजही गायब आहेत. पण का? व्हिडिओटेप प्रचंड महाग होती, एकच टेप पुसून पुन्हा वापरायचे, कलाकारांच्या युनियनशी असलेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती, आणि घरी व्हिडिओ बघायची सोय नव्हती त्यामुळे जुन्या भागाला किंमतच नाही असं समजायचे. चंद्रावर माणूस उतरला त्या रात्रीचं बीबीसीचं स्टुडिओतलं प्रक्षेपणसुद्धा याच कारभारात गेलं, तो काय भारतीयाने दिग्दर्शित केला होता?

आणि द्वेषच असता तर सगळ्यात आधी हुसैन यांचा पहिला भाग गेला असता ना. तो आहे! त्या पहिल्या कथेचे चारही भाग आहेत, दरवाजे न लागणारं ते नापास झालेलं रेकॉर्डिंगसुद्धा आहे. त्यांची १९६४ची ‘मार्को पोलो’ मात्र गेली, सातही भाग, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण उरलेत ते फक्त फोटो आणि प्रेक्षकांनी त्या वेळी घरी टीव्हीवरून टेप केलेला आवाज. पण तसा तर हार्टनेलचा ट्रॉटन होतो तो १९६६चा भागही गेलाय, ज्याचा दिग्दर्शक इंग्रज होता, त्यातला बदलाचा तेवढा तुकडा दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरला होता म्हणून वाचला. परदेशी चॅनलना विकलेल्या फिल्मच्या प्रतींमधून भाग परत मिळतात, २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. तेव्हा ‘सगळं जाळलं’ म्हणून हात झटकू नका, शोध संपलेला नाहीये.

अखंड साठ वर्षं? नाही. १९८९ मध्ये बंद पडली, १९९६ला एक टीव्ही सिनेमा तेवढा आला, आणि मालिका परत सुरू झाली ती थेट २००५ मध्ये.

भाचीने वहीतलं पान फाडलं नाही, खाली नव्याने लिहिलंय: ‘१९६३. डॉक्टर हूचा पहिला भाग. दिग्दर्शक वारिस हुसैन, जन्म लखनौ. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट.’ मग मला विचारलं, मामा, लॅम्बर्टमध्ये म ला ब कसा जोडायचा. तो जोडून दिला. बाबांना न्यूमनच्या शेऱ्यांचे कागद आणि १९६६चा मेमो, दोन्हींच्या लिंक पाठवल्यात, निळी टिक आलीये.