ध्यानाने म्हातारपणचा विसराळूपणा जातो? नाही

‘रोज वीस मिनिटं माइंडफुलनेस ध्यान करा. आठ आठवड्यांत मेंदू वाढतो, गेलेली स्मरणशक्ती परत येते, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होत नाही. गोळ्या-तपासण्यांची गरज नाही. हार्वर्डने सिद्ध केलंय.’ हा मजकूर ज्येष्ठांमध्ये जोरात फिरतोय. माइंडफुलनेस म्हणजे आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याचं ध्यान. ते चांगलंच आहे. पण त्याच्या नावावर हे खपवलं जातंय, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

मेंदू वाढतो, या दाव्यामागे बहुधा २०११ चा अभ्यास आहे. हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला. त्यात ध्यान शिकलेले होते फक्त १६ जण, आणि सगळे साठीच्या आतले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागातल्या, करड्या द्रव्याची (मेंदूच्या पेशी असलेल्या भागाची) घनता वाढलेली दिसली. स्मरणशक्ती सुधारली, असं तो निबंध म्हणतच नाही! शिवाय २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर तोच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम पुन्हा तपासला गेला, तेव्हा मेंदूच्या रचनेत असा बदल आढळला नाही.

स्मरणशक्ती परत येते का, हे थेट वृद्धांवरच तपासून झालंय. अमेरिकेत ६५ ते ८४ वयाचे ५८५ जण निवडले. सगळ्यांची तक्रार एकच, ‘हल्ली आठवत नाही’. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले: ध्यान, व्यायाम, दोन्ही, आणि नुसते आरोग्यमाहितीचे वर्ग. सहा महिन्यांनी स्मरणाच्या आणि नियोजनाच्या चाचण्या घेतल्या. ध्यानवाले माहितीच्या वर्गवाल्यांपेक्षा पुढे नव्हते. दीड वर्षानेही नव्हते. २०२२ मध्येच फ्रान्समधला अठरा महिन्यांचा अभ्यास आला. त्यात एक गट ध्यान शिकला, दुसरा परकी भाषा. त्यातही ध्यानाने मेंदूच्या अपेक्षित भागांचं आकारमान वाढलं नाही. मात्र लक्ष आणि भावना सांभाळण्याच्या मोजमापात ध्यानाचा गट परकी भाषा शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरला. हा खरा लाभ आहे, तो नाकारू नये.

‘पण आमच्या आजोबांना फरक पडला,’ असं कुणी सांगतं. पडला असेल. झोप सुधारली, काळजी कमी झाली, की नावं चटकन आठवतात. २०१५ च्या एका छोट्या चाचणीत ध्यानाने वृद्धांची झोप सुधारली होती.

डिमेन्शियाचं म्हणाल, तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये त्याचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येणं, उपचार न केलेली अधू नजर, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा आहे. ‘ध्यान न करणं’ त्या यादीत नाही.

सगळ्यात घातक आहे ते तपासणी नको म्हणणं. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता असू शकते, थायरॉइड असू शकतो, नैराश्य असू शकतं. झोपेच्या किंवा सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही वृद्धांचा गोंधळ उडतो. पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोक्यात साचलेलं रक्तही असंच फसवतं. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं, पण वेळेत कळलं तर! आठ आठवडे डोळे मिटून वाट पाहणाऱ्या माणसाचे तेच आठवडे वाया जातात. म्हणून घरातलं कुणी तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागलं, ओळखीच्या वाटेवर चुकू लागलं, तर आधी डॉक्टरांकडे न्या, चालू गोळ्यांची पूर्ण यादी सोबत घ्या, आणि कानांची तपासणीही करून घ्या. ध्यानाला संध्याकाळी बसता येईल.