स्थानिक वृद्ध

परवापासून मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'स्थानिक वृद्ध' म्हणून फिरतोय. फोटो माझाच. माकडटोपी, खांद्यावर घोंगडं, हातात किटली, तोंडातून वाफ. खाली ओळ: 'महाबळेश्वरात हिमकण! थंडीने कुडकुडणारे स्थानिक वृद्ध.' माझं वय ५१. आणि मी कुडकुडत नव्हतो, चिडलो होतो. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, त्याला मी काय करू?

लिंगमळ्याच्या खालच्या अंगाला आमचं घर. परड्यात अकरा कोंबड्या, एक कोंबडा, दोन शेरडं. जानेवारीत आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की जमिनीतली ऊब रातोरात वर निघून जाते आणि गार हवा आमच्यासारख्या खोलगट जागेत येऊन बसते. थर्मामीटर पाच-सहा अंश दाखवत असतो, आणि इकडे स्ट्रॉबेरीच्या पानावरचं दव गोठून पांढरंफटक झालेलं असतं. पाहुण्यांना त्यात काश्मीर दिसतं, आम्हाला करपलेलं पान. अर्थात स्ट्रॉबेरी माझी नाही, चुलतभावाची आहे. त्यामुळे माझं दुःख बेतानं.

कोंबडीला थंडीचं विशेष काही नसतं. अंगात ४१ अंशांची भट्टी, वर पिसांची गोधडी. हे ज्ञान माझ्या कॅनडातल्या मावसभावाचं. तिथं उणे २५, गुडघाभर बर्फ, आणि याच्याकडे सहा कोंबड्या. व्हिडिओ कॉलवर सांगतो, "खुराडं गच्च बंद करू नकोस. आतल्या दमट हवेनंच तुरे गोठतात. वर फट ठेव, खालून वारा लागू देऊ नकोस. संध्याकाळी मका टाक, पचता पचता रात्रभर ऊब राहते." इथपर्यंत ठीक. पुढं म्हणाला, "तुऱ्याला व्हॅसलीन लाव." लावलं. म्हणजे लावायला गेलो. कोंबड्यानं मनगटाला घेतलेला चिमटा अजून ठणकतोय. आई चुलीपुढून म्हणाली, "आरं, आदी सोताच्या व्हटाला लाव, फुटल्यात बघ." पाण्याखाली हीटर ठेव, असंही तो म्हणतो. आमच्याकडे लाईट पहाटेच जाते. म्हणून किटली.

तर परवा साडेसहाला किटली घेऊन परड्यात गेलो. जर्मनच्या परातीतल्या पाण्यावर पापडाएवढी बर्फाची चकती धरलेली. गरम पाणी ओतणार, एवढ्यात आवाज आला, "काका, थांबा थांबा! ओतू नका!"

कुंपणापलीकडे जांभळ्या जॅकेटातली बाई, मागे मोबाईल उगारलेला नवरा आणि सात-आठ वर्षांचं पोरगं. पहाटे चारला उठून वेण्णा लेकच्या जेट्टीवरचं दव खरवडायला गेले होते. पण यांच्या आधी पोचलेल्यांनी सगळं खरवडून नेलेलं. "एवढंसंसुद्धा ठेवलं नाही हो!" ती म्हणाली. आवाज असा, की रेशन दुकानात साखर संपावी.

"कोंबड्यांना पाणी द्यायचंय," मी म्हणालो.

"एकच मिनिट. त्या थांबतील ना?"

कोंबड्या यावर जे म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. तोवर बाई फाटक उघडून आत. दोन्ही हातांनी तिनं चकती अलगद उचलली आणि उजेडापुढं धरली. आत एक पीस, मक्याचा दाणा आणि दोन हिरवट-काळे ठिपके. "अगं बाई! आत काय काय गोठलंय बघा. किती नॅचरल!"

"ताई, ती कोंबडीची शीट आहे."

"छे हो," नवरा म्हणाला, "पान असेल."

माझं परडं, माझी परात, माझी कोंबडी. आणि पान असेल! तेवढ्यात पोरानं जीभ लावली. "मम्मी, खारट लागतंय."

"डोंगरातल्या पाण्यात मिनरल्स असतात," बाप म्हणाला. यावर मी काही बोललो नाही. एकदा सांगितलं होतं.

"काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." झालो. "नको नको, राहा. किटली छान दिसतेय. जरा कुडकुडून दाखवा ना."

मग अंडी. आज दोनच निघाली म्हटल्यावर, "अकरा कोंबड्या आणि दोनच?" आता यांना कुठं सांगत बसू, की कोंबडीला अंड्यावर यायला १४ तासांचा उजेड लागतो आणि जानेवारीत इथं ११ तासच मिळतो? तरी सांगितलं. "मग बल्ब लावायचा ना!" आणि दोन्ही अंडी पंचवीसला मागितली. हॉटेलात एका रात्रीचे किती दिले, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण आपण बोलत नाही, तिथंच मार खातो.

गेले, ते फाटक सताड उघडं टाकून. शेरडं थेट चुलतभावाच्या स्ट्रॉबेरीत. तासभर शेरडं हाकली आणि त्याची बोलणी खाल्ली. माझी आई अठ्ठ्याहत्तरची. थंडीनं गुडघे धरतात म्हणून पाचपासून चुलीला चिकटून बसते, आणि रस्त्यावरून जाणारी गाडी काच खाली करून ओरडते, "आजी, एन्जॉय!" आईला वाटतं, ओळखीचं कुणीतरी आहे. ती हात करते.

रात्री मी ग्रुपमधला तो फोटो तिला दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितला. म्हणाली, "चार पराती भरून ठिव की. धा-धा रुपयाला इक."

मी काही बोललो नाही. सगळे झोपल्यावर तीन पराती आणि एक टोपाचं झाकण पाण्यानं भरून परड्यात ओळीनं ठेवलं. पहाटेपर्यंत ढग आले, गारठा मोडला. सकाळी पाहतो तर पाण्याचं पाणीच, आणि झाकणात एक तलंग कोंबडी पाय बुडवून उभी.