काका कोणत्या ड्राइव्हमध्ये?

काकांच्या वर्षश्राद्धाला नऊ दिवस उरले होते तेव्हा काकूंचा फोन आला. "अरे, यांचा एक मोठा फोटो करून घ्यायचाय. हार घालता येईल असा. तुझ्याकडे असतीलच की. तू सगळं जपून ठेवतोस."

यातलं 'सगळं ठेवतोस' एवढं खरं होतं.

आमच्या घराण्यात कुणाचं लग्न झालं, बारसं झालं, कुणी वणीला जाऊन आलं, की कॅमेऱ्याचं कार्ड माझ्याकडे रिकामं व्हायला येतं. 'याच्याकडे सेफ राहतं' ही ख्याती मी पंचवीस वर्षांत कमावली. शिक्षण माझं कॉमर्सचं, नोकरी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. पण 2001 साली एम.जी. रोडवरून सुटे पार्ट आणून मी पहिला पीसी जोडला, तो पहिल्याच फटक्यात चालू झाला आणि तेव्हापासून नातेवाइकांच्या लेखी मी इंजिनिअर आहे. पहिल्या फटक्यात चालू व्हायला नको होता.

बेडरूममधल्या कपाटाचा खालचा खण माझा आहे. बायकोने तो मला दिला असं नाही, तिने त्याच्यावरचा हक्क सोडला. त्यात अकरा हार्ड डिस्क आहेत. पैकी चार चालतात, तीन चालत नाहीत आणि उरलेल्या चार चालतात की नाही हे बघायला लागणारी केबल सापडत नाही. एक 2011 च्या डिसेंबरातली आहे. त्या वर्षी थायलंडात मोठा पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव चढले. माझी जागा नेमकी तेव्हाच संपली. थायलंडच्या पुरामुळे दोन हजार जास्त गेले, असं मी घरी सांगितलं. "गोदेला पूर आला की कोथिंबीर महागते, एवढं मला समजतं," बायको म्हणाली. "तुमचं बिल कुठल्याही नदीवर फाडू नका."

त्या डिस्कवर 1 टीबी छापलंय आणि विंडोज तिला 931 जीबी म्हणतो. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. दोघंही आपापल्या जागी बरोबर. हे मी कागदावर गणित मांडून दाखवलं होतं. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे 69 जीबी त्याने काट्यात मारले." मला हे प्रकरण इतक्या थोडक्यात कधी मांडता आलेलं नाही.

आता जागेबद्दल. नाशिककर पूर फुटांत मोजत नाही. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला, अशी आमची मोजणी. घरातल्या सी ड्राइव्हचंही तसंच. निळी पट्टी लाल झाली की मारुती गळ्यापर्यंत बुडाला समजायचं आणि खालच्या वस्तीतलं सामान वर हलवायला घ्यायचं. 'डाउनलोड्स'मधलं उचलून डीमध्ये, डीमधलं उचलून बाहेरच्या डिस्कवर. गेल्या वर्षी पोराला एक गेम हवा झाला, दीडशे जीबीचा. मारुतीच्या डोक्यावरून पाणी. तेव्हा मी पीसीवरचा 'फॅमिली फोटो' नावाचा अख्खा फोल्डर पुसला. बेधडक पुसला, कारण त्याचा बॅकअप होता.

बॅकअप आहे म्हणून मूळ पुसलं की बॅकअप हेच मूळ होतं आणि बॅकअप नावाची वस्तू घरात शिल्लक राहत नाही. हा हिशोब दुसऱ्या कुणाला सुचला नाही तर समजू शकतो, पण मी स्टोअरकीपर आहे. कारखान्यात साधा आठ एमएमचा बोल्ट मी मिनिमम स्टॉकच्या खाली जाऊ देत नाही. शिवाय तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम डब्याच्या सुट्टीत पोरांना ऐकवणारा माणूस मीच.

तर काकूंचा फोन ठेवून मी ती बॅकअपची डिस्क काढली. हिच्यात 'काका 60' नावाचा फोल्डर होता, 2013 च्या षष्ट्यब्दीचा. सोवळं, फेटा, हसणारे काका, चारशे फोटो. केबल जोडली. दिवा लागला. आणि आतून आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक्. मग पुन्हा टक्.

ज्यांना हा आवाज माहीत नाही ते सुखी. आतली तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावर वाचणारं हेड तिला न टेकता तरंगतं, मधलं अंतर काही नॅनोमीटर. धुळीचा साधा कण त्याच्यापुढे पांडवलेण्याच्या डोंगराएवढा. हेडला आपली वाट सापडेनाशी झाली की ते परत जाग्यावर येतं, पुन्हा निघतं, पुन्हा परत येतं. प्रत्येक फेरीला टक्. आपण चष्मा शोधत घरभर फिरतो ना, अगदी तसं. फक्त इथे प्रत्येक फेरीत चष्म्यावर पाय पडायची भीती.

खरं सांगायचं तर डिस्कने आधी कळवलं होतं. तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन महिन्यांपूर्वी निळ्याच्या जागी पिवळा रंग आला होता, खाली 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, म्हणून आकडा. पण मी नाशकात गाडी चालवतो. पिवळा दिसला की जरा जोरात काढायची, हे अंगात मुरलंय.

अशा वेळी काय करू नये हे मला तोंडपाठ आहे. डिस्क ताबडतोब बंद करावी, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नये. मी चार वेळा बघितली. एकदा सरळ, एकदा उलटी, एकदा मागच्या यूएसबीला आणि एकदा नुसतीच, नमस्कार करून. मग मध्यरात्री एक जुना तोडगा आठवला. पूर्वी लोक मेलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचे. थंडीने अडकलेला भाग सुटला तर सुटला. आत बाष्प धरलं तर उरलंसुरलंही जातं, हे ठाऊक असून मी ती पिशवीत गुंडाळून मटारांशेजारी ठेवली. सकाळी बायकोने पिशवी काढली, हातात तोलली आणि काही न बोलता डायनिंग टेबलवर माझ्या पोह्यांशेजारी आणून ठेवली. जोडून बघितली. डिस्कने टक् केलं. आता ते जरा ओलसर वाटलं.

कॅनडा कॉर्नरजवळ एका माडीवर डेटा रिकव्हरी करणारा एक मुलगा बसतो. त्याने डिस्क कानाला लावली, डॉक्टर नाडी बघतात तसे डोळे मिटले आणि म्हणाला, "हेड गेलंय. सेम मॉडेलची दुसरी डिस्क लागेल, तिचं हेड काढून हिला बसवायचं. क्लीन रूममध्ये. मुंबईला पाठवावी लागेल." म्हणजे अवयवदान. खर्च पंचवीस ते पस्तीस हजार, फोटो मिळतील याची गॅरंटी नाही, वेळ तीन आठवडे. मग त्याने सहज विचारलं, "कुणी फ्रीजरमध्ये वगैरे ठेवली नव्हती ना?" मी म्हटलं, छे.

खाली उतरलो आणि हाताला चाळा म्हणून ओळखीच्या दुकानात रॅमचा भाव विचारला. आजकाल रॅम विचारताना सराफ बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला, भाव रोज बदलतो आणि दुकानदार "आत्ताचा रेट सांगतो" म्हणून फोन लावतो. गेल्या वर्षी घेतलेली रॅम पीसीतून काढून लॉकरमध्ये ठेवावी असा विचार मनात येऊन गेला.

उरले सात दिवस. मी खणाकडे वळलो.

आधी 40 जीबीची जुनी आयडीई डिस्क. तिला 40 पिनांची चपटी पट्टी लागते, वेगळा पॉवर लागतो आणि मागे मास्टर की स्लेव्ह हे ठरवायला मुगाच्या डाळीएवढा एक जम्पर असतो. तो जम्पर फरशीवर पडला आणि तिथेच राहिला. आम्ही दोघं आता एकाच घरात राहतो पण भेट नाही. माळ्यावरून केबलींचं खोकं काढलं. त्यात प्रिंटरच्या केबली सहा. घरात प्रिंटर नाही. शेवटी जुन्या पीसीतल्या पट्टीला डिस्क जोडली, पीठगिरणी सुरू झाल्यासारखा आवाज झाला आणि वीस वर्षांपूर्वीची डिस्क गुणी मुलासारखी उघडली. आत हजारभर गाणी, एका विंडोजचं सेटअप आणि 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2', 'न्यू फोल्डर 2 फायनल'. काका नव्हते.

मग डीव्हीडी. 4.7 जीबीची एकेक थाळी, तिच्यावर माझ्या अक्षरात 'महत्त्वाचं'. कशासाठी महत्त्वाचं ते लिहिलेलं नाही. ड्राइव्हने एकेक आत घेतली, घरघर केली आणि जेवायला घेऊन नको म्हणणाऱ्या पोरासारखी बाहेर ढकलली. हॅन्डीकॅमच्या छोट्या कॅसेटी निघाल्या, चुलतबहिणीच्या लग्नाच्या, 2006 सालच्या. त्या ठणठणीत असाव्यात. पण कॅमेरा केव्हाच भंगारात गेला आणि तो ज्या फायरवायरने जोडायचा ते भोक आता कुठल्याच कॉम्प्युटरला नसतं.

खानदानाच्या ग्रुपवर विचारलं. लगेच चार जणांनी काकांचा फोटो टाकला. चौघांनीही एकच. तो मीच 2017 मध्ये टाकला होता आणि इकडून तिकडे जाता जाता झिजून 62 केबीचा उरला होता. मेनरोडला स्टुडिओत नेऊन 12 बाय 18 करायला सांगितला. प्रिंट आली तेव्हा काका रांगोळीत काढल्यासारखे दिसत होते. दहा पावलांवरून ओळखू येत, जवळ गेलं की विखरत. स्टुडिओवाला म्हणाला, "उंचावर लावा, चालून जाईल."

त्या रात्री झोप लागेना. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात दोन फुटी पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची जेमतेम पन्नास लाख अक्षरं. म्हणजे आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो. मला वाटलं, तेच बरं. टनभर वजनाचे काका खणात हरवले नसते.

सकाळी बायकोने काकूंना फोन लावला. मी समोर बसलो होतो. "काकू, तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात पेपर घातलाय ना, तो जरा उचलून बघा," एवढंच ती म्हणाली. दहा मिनिटांनी काकूंचा फोन. पेपरखाली एक पाकीट, पाकिटात फोटो. पोस्टकार्ड आकार, काका चाळिशीतले, मागे गंगापूर धरण, केसांचा कोंबडा वाऱ्यावर. मी तो घेऊन पुन्हा त्याच स्टुडिओत गेलो. त्याने स्कॅन केला, कोपऱ्यातला डाग काढला, पन्नास रुपये घेतले. सगळा कारभार पाव तासाचा. शेवटी त्याने विचारलं, "कॉपी देऊ? पेन ड्राइव्ह आणलाय?"

अकरा डिस्कांचा मालक म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅप करा."

वर्षश्राद्ध रामकुंडावर झालं. आम्ही मूळचे खानदेशातले, पंचवटीतल्या एका घराण्याकडे आमचं उपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या आहे. विधी आटोपल्यावर गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत गेले आणि चार मिनिटांत काखेत बाड घेऊन आले. लांबलचक पानं, कडा चहाच्या रंगाच्या. बोट ओळीवरून खाली सरकलं आणि थांबलं. 1972. काका, वय एकोणीस, वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. खाली निळ्या शाईत सही, 'र'ला तोच जास्तीचा वळसा. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ बराच वेळ बघत राहिल्या. कोणी काही बोललं नाही.

मी मनात वेळ मोजत होतो. चार मिनिटं. केबलशिवाय.

"आता पूर्वीसारखं राहिलं नाही," गुरुजी बाड बांधता बांधता म्हणाले. "कसर लागते. परत 2019 च्या पुरात काही पेट्या रातोरात माडीवर न्याव्या लागल्या. आणि आमच्यात वाटण्या झाल्या ना, अर्धी गावं माझ्याकडे, अर्धी धाकट्याकडे. दोघांकडचं जुळवल्याशिवाय एखाद्या घराण्याचा पूर्ण मेळ लागत नाही, आणि आमचं बोलणं बंद आहे."

मला भरून आलं. दोन डिस्कांवर अर्धा-अर्धा डेटा, दुसरी प्रत नाही, एक बिघडली की दोन्ही वाया. याला आमच्यात रेड झिरो म्हणतात आणि हौशी माणसंसुद्धा तो भीतभीत करतात. हे त्यांना समजावून सांगणारच होतो, पण तेवढ्यात काकू माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "गुरुजी, हा कॉम्प्युटरातला आहे. सगळं जपून ठेवतो."

गुरुजींचे डोळे चमकले. "मग जरा बघा की. पोरगा म्हणतो, सगळ्या पानांचे फोटो काढून हार्ड डिस्कमध्ये टाकू. कोणती चांगली? तुमचा नंबर देऊन ठेवा."

मी तोंड उघडायच्या आत बायकोने तिचा दिला.