सॅमची तबकडी

"पाच कोटी! पाच कोटी तबकड्या!" अण्णांनी पाचही बोटं मास्तरांच्या नाकासमोर नाचवली. "बिंग क्रॉस्बीनं गायलेल्या 'व्हाइट ख्रिसमस'पुढे तुझं 'कॅसाब्लांका' सिनेमातलं 'अॅज टाइम गोज बाय' हे गाणं म्हणजे गुत्त्यातली टुणटुण. विषय संपला."

अण्णांचा विषय नेहमी आकड्यावरच संपतो. गणपतीतल्या कॅरमचा गुणफलक आजही तोंडपाठ आहे, फक्त स्वतःचा.

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "क्रॉस्बीनं ते रेकॉर्ड कधी केलं?"

"बेचाळीस साली."

"२९ मे १९४२. आणि १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. रेडिओवर, ज्यूकबॉक्समध्ये तबकडी फिरते आणि हाडामांसाचा वादक घरी बसतो, म्हणून. तुझा क्रॉस्बी दोन महिन्यांनी वाचला. 'कॅसाब्लांका' पडद्यावर आला नोव्हेंबरात. त्यात गाणाऱ्या पियानोवाल्या सॅमचं काम केलेल्या डूली विल्सननं तबकडी काढायची, तर वादक आणायचे कुठून?"

"मग सिनेमात वाजलं कसं?" पक्या.

"बंदी तबकड्यांवर होती, सिनेमावर नव्हती. तिथंही पियानो विल्सनचा नाही हं. तो मूळचा ड्रमवाला. पियानो वाजवला एलियट कार्पेंटरनं. त्याला कॅमेऱ्याबाहेर असं बसवलं होतं की त्याचे हात बघून विल्सननं बोटं हलवावीत."

"म्हणजे तोतया!" अण्णा खूश.

"गळा त्याचाच आहे, अण्णा. लोक वेडे झाले ते त्या गळ्यावर. आणि दुकानात त्यांच्या हातात काय पडलं? रूडी व्हॅली या गायकाची १९३१ ची तबकडी, १९४३ मध्ये नव्यानं काढलेली. हर्मन हपफेल्डनं गाणं लिहिलं होतं १९३१ सालीच, ब्रॉडवेच्या नाटकासाठी. गाणं परत जिवंत केलं विल्सननं, विक्री झाली व्हॅलीची."

हे बोलताना मास्तरांचा आवाज चढला होता, आणि चढायलाच हवा होता.

"पण ऑस्कर आमच्याच गाण्याला," अण्णा.

"'कॅसाब्लांका'चं गाणं स्पर्धेत बसतच नव्हतं. १९४१ चं ऑस्कर संगीतकार जेरोम कर्नच्या पॅरिसवरच्या गाण्याला मिळालं. ते सिनेमासाठी लिहिलेलंच नव्हतं, म्हणून कुरकुर केली ती खुद्द कर्ननं! त्यावरून नियम झाला: गाणं सिनेमासाठीच केलेलं हवं. बरं, ते राहू दे. मोबाइल काढ आणि लाव तुझं गाणं."

अण्णांनी ऐटीत लावलं.

"थांबव. सुरुवातीला काय वाजलं?"

"बासऱ्या. आणि काहीतरी किणकिण."

"ती सेलेस्टा, घंट्यांसारखी किणकिणणारी छोट्या पियानोसारखी पेटी. या दोन्ही खुणा १९४७ च्या. तबकड्या काढून काढून मूळचा साचा झिजला, म्हणून मार्च १९४७ मध्ये क्रॉस्बी तोच वाद्यवृंद घेऊन पुन्हा गायला. सुरुवात जरा उजळावी म्हणून बासऱ्या नि सेलेस्टा तेव्हा आल्या. तू युद्धातलं म्हणून डोळे मिटून ऐकतोस, ते युद्ध संपून दीड वर्ष झाल्यावरचं आहे!"

पक्या कट्ट्यावरून पडायचाच बाकी राहिला.

"पण साचा झिजला कशानं?" अण्णा उसळले. "खपलं म्हणूनच ना? पाच कोटी!"

पाच बोटं पुन्हा वर गेली. चहावाल्यानं लांबून मान डोलावली आणि तिघांपुढे पाच कटिंग आणून ठेवले.

"पैसे अण्णा देतील," मास्तर म्हणाले. "आकडा त्यांचा आहे."