हीट मॅट विकता, मग थर्मोस्टॅट का नाही?

दर हिवाळ्यात तेच! निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरला की नाशिकमध्ये बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर, पाळणाऱ्यांचे फोन सुरू. "साप खात नाहीये, काय करू?" अरे, आधी तापमान मोज ना! सापाच्या पेटीच्या काचेवर चिकटवलेला तो काट्याचा थर्मामीटर वरच्या हवेचं तापमान सांगतो. साप बसतो तळाशी. प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर, तिथे हवा. उबदार कोपरा ३१ ते ३३ अंश, दुसरं टोक २५-२६, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. आपल्यासारखी ऊब त्याच्या शरीरात तयार होत नाही. गारठ्यात गिळलेला उंदीर पचत नाही, मग तो उलटून टाकतो.

आणि दुकानदार! हीट मॅट, म्हणजे पेटी गरम करणारी विजेची चटई, गळ्यात मारतात, पण तिचं तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटचं नावही काढत नाहीत. नुसती मॅट तापत राहते आणि सापाचं पोट भाजतं. चटका बसतोय म्हणून तो लगेच बाजूला होईलच असं नाही, किती वेळा सांगायचं? वर "रात्री बल्ब लावतो की" हे आहेच. निशाचर प्राण्याला रात्रभर उजेड! बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर मिळतो, तोही थर्मोस्टॅटवरच लावायचा.

मग एप्रिल-मे. पारा चाळिशीला, घर गच्चीखालचं, पेटीत थंड टोक उरलेलंच नसतं, तरी मॅट चालू! "साप आहे, त्याला ऊन चालतं." नाही चालत! ३५च्या वर सतत राहिलं तर तो मरू शकतो. पेटी खालच्या, गार खोलीत हलवा. आजच.