‘बायका पोळ्या लाटतात’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. दंगल थांबवण्यात, शांतता आणण्यात बायकांचाही हात असतो, असं मी परवाच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: “बाईसाहेब, दंगल पोलिस थांबवतात, बायका पोळ्या लाटतात. लायबेरियाच्या गोष्टी नागपुरात सांगू नका. जमावात बायकाही असतात, त्याचं काय? ठरावाचं साल तरी नीट लिहा.” खाली सही, ‘एक वाचक, धरमपेठ’.

सालाचं बरोबर आहे. शांततेच्या कामात बायकांना सहभाग द्या, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव ३१ ऑक्टोबर २०००चा, मी २००१ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

पण ‘बाईसाहेब’ कशासाठी? मागे उड्डाणपुलावर लिहिलं तेव्हा याच सहीने तुम्ही मला ‘ताई’ म्हणाला होतात. पुलावर लिहिलं की ताई आणि दंगलीवर लिहिलं की बाईसाहेब, हे मला लागलं. मतभेद असू द्या, पण बोलायची ही रीत नव्हे.

आता पोळ्या. १७ मार्च २०२५च्या संध्याकाळी नागपुरात दंगल उसळली, तेव्हा मी महाल भागात आईकडे होते. बाहेर आरडाओरडा वाढत होता. वरच्या भाडेकरूंचा मुलगा, कॉलेजात जाणारा, तोंडाला रुमाल बांधून जिना उतरला. आई पोळ्याच लाटत होती. पिठाच्या हातांनी उठली, फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली परातीत कणकेच्या गोळ्याखाली दाबली. म्हणाली, “जाशीन बाप्पा, पयले दोन पोया खाऊन घे.” तो चिडला, फाटकाला लाथ मारली, मग ओट्यापाशी बसून जेवला. रात्रभर घरातच होता. पोलिसांच्या कुठल्या कागदावर हे येणार आहे? पुढे आमच्याकडे संचारबंदी लागली. धरमपेठेत नव्हती. तुम्ही त्या दिवसांत दूध आणायला निघू शकत होतात, एवढं तरी ध्यानात ठेवून लिहायचं होतं.

आणि लायबेरिया का सांगू नये? २००३मध्ये तिथलं यादवी युद्ध थांबावं म्हणून ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून राजधानी मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ उन्हापावसात बसल्या. घानातल्या अक्रा शहरात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा आपल्या नेत्या लेमा बोवींसह त्या सभागृहाच्या दाराशीच ठिय्या देऊन बसल्या, पुरुषांना बाहेर पडू देईनात. ऑगस्टमध्ये शांतता करार झाला. माझ्या आईचं कुलूप आणि त्यांचं ते दार मला एकच वाटतं. आफ्रिका लांब पडत असेल तर नागालँड घ्या. १९८४ साली स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने १९९४मध्ये ‘आता रक्त सांडू नका’ अशी हाक दिली. त्या बायका सशस्त्र गटांपर्यंत स्वतः गेल्या.

जमावात बायका असतात, हो, असतात. त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही. त्यावर आज वेळ घालवणार नाही.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहिते. आणि ‘ताई’च म्हणा.